सम्झनाची शाळा

"अगं, पर ही तुला हाक का मारत न्हाई?"

बयाबाईने हातातला झाडू तसाच धरून विचारलं. बंगल्याच्या मागच्या पायरीवर नऊ वर्षांची सम्झना मघापासून उभी होती. तिची आई बिस्ना पाठमोरी बसून भांडी घासत होती. आईचं लक्ष जाईपर्यंत पोर तोंडातून अक्षर न काढता थांबली. बिस्नाने मान वळवली तेव्हा तिने रिकामा तांब्या पुढे केला.

बिस्नाने तो भरून दिला. मग ती पुन्हा भांड्यांकडे वळली.

बिस्ना आणि तिचा नवरा टेकराज नेपाळचे. लोणावळ्यातल्या या बंगल्याची राखण आणि बाग कित्येक वर्षं तेच बघत होते. बयाबाई कान्ह्याहून सकाळच्या लोकलने यायची आणि आसपासच्या बंगल्यांची झाडलोट करायची. कोणाच्या घरात काय चाललंय हे कळल्याशिवाय तिला चैन पडत नसे. मनात वाईट काही नाही, पण स्वभावच चौकस. म्हणूनच दिवाळीनंतर गावाहून परतताना या दोघांनी ही एवढी मोठी मुलगी बरोबर आणली, तेव्हा ती चाट पडली. यांना मूल आहे हेच तिला ठाऊक नव्हतं.

"मौसी," बिस्ना एकदम म्हणाली, "स्कूल में आप साथ चलो ना. इसका बाबा गेट छोड़ के नहीं आ सकता. मेरे को वहाँ बोलने को नहीं आता."

"चल की. त्यात काय!"

खरं तर शाळेच्या ऑफिसात बयाबाईही कधी शिरली नव्हती. तिच्या संदेशचं नाव घालायला तिचा नवरा अंबाजी धुतलेला सदरा घालून एकटाच गेला होता. ती त्या दिवशी लोकांच्या शेतात भात लावत होती. आत बसवून काय काय विचारतात, याचं कुतूहल तेव्हापासून मनात राहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी तिघी शाळेत गेल्या. मुख्याध्यापिका ज्योत्स्नाबाईंनी त्यांना खुर्च्या दिल्या. बयाबाई काठावर टेकली.

"आधार कार्ड आहे का हिचं?"

बिस्नाने नकारार्थी मान हलवली आणि पिशवीतून गावाकडच्या शाळेचा दाखला काढून टेबलावर ठेवला.

"कागदांचं बघू नंतर," बाई म्हणाल्या. "पण निम्मं वर्ष सरलंय हो. आणि हिला मराठीचा गंध नाही. वर्गात नुसती बसून राहील बिचारी. त्यापेक्षा जूनमध्ये आणा."

बिस्नाचा चेहरा उतरला. तशी बयाबाई पुढे सरकली.

"बसंल की, बाई. बसूनबी कानावर पडतंय. तितं फाटकापाशी एकली बसून काय करंल ती? पर्यटकांच्या गाड्या बघंल?"

बाई काही बोलणार, तेवढ्यात त्यांचं लक्ष मुलीकडे गेलं. सम्झना भिंतीवरचा तक्ता बघत होती आणि तिचे ओठ हलत होते. बाईंनी कपाटातून तिसरीचं पुस्तक काढून तिच्यापुढे धरलं.

"पढ़ो."

"कोंबडी पिल्लांना घेऊन अंगणात आली," सम्झनाने घडाघडा वाचलं. "पिल्लं दाणे टिपू लागली."

"आगं बया! हिला मराठी येतंय व्हय?"

"अक्षरं एकच आहेत, मावशी. त्यांची आणि आपली," बाई हसल्या. "समझा क्या, बेटा?"

सम्झनाने नाही म्हणून मान हलवली, पण पुस्तक खाली ठेवलं नाही. कोंबडीच्या चित्रावर बोट ठेवून ती बाईंकडे बघत राहिली. बाईंनी पेन उघडलं.

"नाव सांग बघू तुझं... वडिलांचं?" एकेक उत्तर घेत त्या लिहीत होत्या. "आणि आईचं नाव? माँ का नाम? आमा का?"

'आमा' ऐकताच मुलीचा चेहरा पहिल्यांदा खुलला.

"जसमती."

बाई लिहायला वाकल्या.

"वो मेरा सास था," बिस्ना हळूच म्हणाली. "ये छह महीना का था, तब हम इधर आ गया. उसने ही पाला. अभी दशहरा के पहले मर गया. ये उसको ही आमा बोलती."

पेन थांबलं. बाहेर व्हरांड्यात पोरं पाढे म्हणत होती.

"आप वही लिखो," बिस्ना म्हणाली. "वो बोली ना."

"तसं नाही चालत हो," बाई मऊ आवाजात म्हणाल्या. "तुमचंच नाव लागेल."

त्यांनी सावकाश लिहिलं. सम्झनाने टेबलावर वाकून ती अक्षरं वाचली, "बिस्ना." मग तिने वळून, हे नाव कोणाचं ते नीट पाहून घेतलं.

परतताना बयाबाईच्या जिभेवर दहा प्रश्न होते. तिने एकही विचारला नाही. चढ लागला तशी तिने बिस्नाच्या हातातली पिशवी मात्र घेतली.

सम्झना शाळेत जाऊ लागली. पहिले काही दिवस गप्प यायची आणि गप्प जायची. मग एकेक शब्द आणू लागली. डबा, खिडकी, मैत्रीण. तुळजा नावाची कोणी मुलगी तिला खेळायला घेत होती. वर्गात सगळे एका सुरात म्हणतात, त्याच सुरात ती ते शब्द बंगल्याच्या बागेत फिरत म्हणायची. बयाबाई झाडता झाडता तिला चुका सांगायची, आणि पोर त्या बयाबाईच्या हेलासकट उचलायची.

एका सोमवारी पाहुणे गेले आणि चादरींचा ढीग पडला. बयाबाई आणि बिस्ना मिळून त्या दोरीवर टाकत होत्या. स्वयंपाकघराच्या दारातून आवाज आला.

"आई! माझं दप्तर कुटं हाय?"

बिस्ना पुढची चादर पिळत होती. तिने वळूनही पाहिलं नाही.

"आई!" आवाज जरा चिडला होता. "शाळेला उशीर होतोय!"

बयाबाईचा हात दोरीवरच राहिला.

"अगं, तुला बोलवतीया ती."

"मेरे को?"

"मग काय मला व्हय? जा की."

बिस्नाने ओली चादर बयाबाईच्या हातात दिली. ओढणीला हात पुसले. ते कोरडे झाले तरी ती पुसतच राहिली. मग केस मागे सारून दाराकडे निघाली, आधी चालत, आणि शेवटची चार पावलं पळत.

बयाबाई चादर धरून तशीच उभी होती. पाणी तिच्या पायावर ठिबकत होतं.