चंद्रावती लाँचवरचा आवाज

‘चंद्रावती’ लाँच रोह्याला कुंडलिकेच्या काठी आणून तिचं तरंगतं संग्रहालय करायचं ठरलं, तेव्हा सगळ्यात आधी समिती झाली. आपल्याकडे समिती झाल्याशिवाय काहीच तरंगत नाही. अध्यक्ष अर्थातच धनेश. लाँचचे मूळ मालक तात्याशेठ, त्यांचा हा नातू. तात्याशेठनी बरीच वर्षं पेणच्या खाडीतून रेवसपर्यंत उतारू नेले-आणले. पुढे पूल झाले, एसटी गावागावात पोचली, आणि लाँच चिखलात जाऊन बसली ती बसलीच. वीस-पंचवीस वर्षं त्या घरातल्या कुणी तिच्याकडे वळून पाहिलं नाही. आता रोह्याचा नदीकाठ नटला, संध्याकाळी फोटो काढायला माणसं येऊ लागली, तेव्हा नातवाला आजोबांचा वारसा आठवला. मग उधाणाची भरती साधून, ट्रॉलरला बांधून, लाँच रेवदंड्याच्या तोंडातून वर रोह्यापर्यंत खेचत आणली. रंग लावला, दिवे लावले, बाकांवर गाद्या घातल्या. जुने उतारू त्या बाकांवर बसून कंबर मोडून घेत होते, हे आता कुणाला सांगून खरं वाटणार नाही.

लाँच मिळाली, पण लाँचवरचा माणूस हवा होता. तसा एकच जिवंत होता, पेणच्या खाडीकाठचा कान्हू. वय सत्तर. चंद्रावतीचा सारंग, म्हणजे सुकाणू धरणारा. समितीची माणसं गाडी घेऊन त्याच्या दारात आली, शाल घातली, नारळ दिला आणि म्हणाली, “काका, लाँचवर एक बटण बसवतोय. बटण दाबलं की तुमचा आवाज ऐकू येईल. तुम्हीच लाँचची गोष्ट सांगायची.” कान्हूला आनंद झाला. झाला तर झाला, त्यात लपवण्यासारखं काय आहे? लाँच बंद पडल्यापासून त्याला कुणी काही विचारलं नव्हतं.

गाडी गेली आणि बायजाबाई आली.

बायजाबाई म्हणजे कान्हूच्या थोरल्या भावाची, मोरूची विधवा. दोन्ही घरांना मधली भिंत एकच. पण तेहेतीस वर्षांत तिने कान्हूचा उंबरा ओलांडला नव्हता. घरच्या कार्याला यायची, अंगणात बसायची, पान वाढायच्या आत उठून जायची. त्या दिवशी ती सरळ आत आली आणि जमिनीवर बसली.

“भावजी, तुमचा आवाज भरून घेणार हाईत ना?”

“व्हय वयनी.”

“मंग तेवढं बोला. मना दुसरं काय नको.”

तेवढं म्हणजे काय, हे कान्हूला विचारावं लागलं नाही. त्याच्या हातातला नारळ त्याला नकोसा झाला.

मोरू चंद्रावतीवर ड्रायव्हर होता. लाँचवर इंजिन सांभाळणाऱ्याला ड्रायव्हर म्हणतात. तो खाली इंजिनाशी, कान्हू वर सुकाणूवर, असे दोघे भाऊ एका लाँचवर. त्र्याण्णव सालच्या शिमग्याला मुंबईहून येणाऱ्या माणसांची झुंबड होती. डिझेलची नळी दोन दिवस ठिबकत होती. मोरूने तात्याशेठना सांगितलं, “नळी बदलल्याशिवाय मी इंजिन चालू करायचा नाय.” शेठ म्हणाले, “एवढी खेप मार, मग बदलू.” मोरू अडून बसला. तेव्हा त्याची समजूत घातली ती कान्हूने. “दादा, एक खेप. लोकं सणाला घरी जाऊ देत.” भावाचं ऐकून मोरू खाली उतरला. अर्ध्या खाडीत इंजिनाने पेट घेतला. मोरूला वर पळून येता आलं असतं. त्याने वरचं झाकण आतून ओढून घेतलं आणि टाकीचा कॉक बंद करत बसला, म्हणून आग वर आली नाही. लाँचवरची पंचेचाळीस माणसं होड्यांनी काठाला लागली. मोरूला दुसऱ्या दिवशी चादरीत बांधून आणला.

चौकशी लागली. आदल्या दिवशी तात्याशेठनी कान्हूला पेढीवर बोलावलं आणि टाइप केलेला कागद पुढे ठेवला. “सारंग तू. लाँच सोडली तू. उद्या दोष कुणावर येईल ते बघ, नाहीतर हे वाच.” कान्हूने चौकशीत ते वाचलं. “मोरू त्या दिवशी दारू पिऊन होता. त्याने इंजिनाजवळ विडी पेटवली.” खाली सही केली. पुढे लाँच बंद होईपर्यंत सुकाणू त्याच्याच हातात राहिलं.

मोरूने जन्मात थेंब घेतला नव्हता. पण शिमग्याचा दिवस, अख्खं गाव प्यालेलं, त्यात एकटा मोरू कोरडा होता यावर कोण विश्वास ठेवणार? बायजाबाई दारुड्याची बायको झाली. मिठागरात मीठ ओढताना बायका मुद्दाम ऐकू जाईल असं बोलायच्या. लेकीचं, अपेक्षाचं, जोहे गावात ठरलेलं लग्न मोडलं. बाप दारूत जळाला त्या घरची मुलगी नको, असा निरोप आला. नंतर बायजाबाई हमरापूरला गणपतीच्या कारखान्यात मूर्तींना पॉलिश पेपर मारायला जाऊ लागली. तिथेही ती गोष्ट तिच्या आधी पोचली होती. कान्हूला हे सगळं दिसत होतं. बोलायचं म्हणून तो दरवर्षी ठरवायचा आणि दरवर्षी गप्प बसायचा. तात्याशेठ वारले तेव्हा त्याला वाटलं, आता बोलू. पण तेव्हा विचारणारं कुणी उरलं नव्हतं. ही झाली त्याची सबब. खरं कारण एकच, तो भित्रा होता, आणि हे त्याच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं.

“बोलतो वयनी,” कान्हू म्हणाला. “सगळं बोलतो.”

आवाज भरायला तो एकटाच रोह्याला गेला. लाँचवर विशाल नावाचा माणूस यंत्र लावून बसला होता. पेणचाच, लग्नांचे व्हिडिओ काढणारा, स्वभावाने गोड. त्याने कान्हूच्या सदऱ्याला माइक अडकवला आणि समजावलं, “काका, एकेक वाक्य तोडून बोला. मध्ये जरा थांबा. म्हणजे मला जोडायला सोपं जातं.”

कान्हू तसंच बोलला. सांगेल तसं वागायची त्याची सवय जुनीच. आणि गोष्ट सांगायची रीतही त्याची गावाकडचीच. गावात भांडणाची हकिगत सांगायची तर ज्याचं बोलणं त्याच्याच तोंडचं, त्याच्याच आवाजात म्हणून दाखवतात. तसं त्याने सगळं म्हणून दाखवलं. शेठचं बोलणं शेठसारखं, मोरूचं मोरूसारखं. चौकशीचा प्रसंग आला तसा तो उठून ताठ उभा राहिला आणि त्या दिवशी वाचला होता तसा, खणखणीत आवाजात, तो कागद म्हटला. “मोरू त्या दिवशी दारू पिऊन होता. त्याने इंजिनाजवळ विडी पेटवली.” इतक्या वर्षांत त्यातलं एक अक्षर तो विसरला नव्हता. मग सांगितल्याप्रमाणे थांबला. मग म्हणाला, “ह्ये खोटं हाय. माझा भाव पिला नव्हता. नळी फुटकी होती. मी भ्यालो आन सही केली. त्याचा जीव माझ्या बोलण्यानं गेला आन त्याचं नाव माझ्या सहीनं गेलं.”

विशालने डोळे पुसले. “काका, सगळं आलंय,” म्हणाला. परतीच्या गाडीत कान्हू खिडकीशी बसला. निडी गेलं, नागोठणं गेलं, आणि किती तरी वर्षांनी त्याला भूक लागल्यासारखी भूक लागली. घरी येऊन त्याने बायजाबाईला सांगितलं. तिने त्याच्यासमोर भाकर आणि सुक्या जवळ्याचं कालवण ठेवलं. तेहेतीस वर्षांनी तिच्या हातचं तो जेवला.

उद्घाटनाला ती त्याच्याबरोबर रोह्याला आली. ठेवणीतलं लुगडं नेसून, अपेक्षाला फोन करून “तुझ्या बापाचं खरं आज सगळ्यांम्होरं येनार हाय” असं सांगून आली. भाषणं झाली. तात्याशेठच्या मोठ्या फोटोला हार घातला गेला. लाँचमध्ये शिरल्याबरोबर उजव्या हाताला लाकडी पेटी होती, तिच्यावर लाल बटण आणि ‘सारंग बोलतो आहे’ अशी पाटी. धनेशला एवढंच कळलं होतं की ही म्हातारी सारंगाच्या घरची. तो अदबीने म्हणाला, “आजी, पहिला मान तुमचा. दाबा.”

बायजाबाईने पदर सारखा केला आणि बटण दाबलं.

आधी पाण्याचा चुबुकचुबुक आवाज आला, बासरी वाजली. मग कान्हूचा आवाज. “मी कान्हू. चंद्रावतीचा सारंग. या लाँचनं माझं घर चालवलं.” मग खाडी, भरती, रेवसचा धक्का. मग, “त्र्याण्णव सालच्या शिमग्याला इंजिनानं पेट घेतला. डायवर माझा भाव, मोरू. मोरू त्या दिवशी दारू पिऊन होता. त्याने इंजिनाजवळ विडी पेटवली. पंचेचाळीस मानसं काठाला लागली.” परत बासरी. संपलं.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी कान्हूच्या पाठीवर थाप मारली, पंचेचाळीस जीव वाचवले म्हणून. बायजाबाईचं बोट अजून बटणावरच होतं.

त्याने विशालला गाठलं. विशाल त्याच्याकडे बघेना. “काका, दीड मिनिटात बसवायला सांगितलं होतं. कुठलं ठेवायचं, कुठलं नाही, ते धनेशभाऊंनी बसून सांगितलं.”

“बाकीचं कुठं हाय?”

“कार्ड रिकामं केलं. पुढच्या दिवशी लग्न होतं.”

धनेश मात्र रागावला नाही. त्याच्या घरात रागावायची गरज कधी पडलीच नसावी. त्याने कान्हूचा हात हातात घेतला. “काका, संग्रहालय आहे हे. पोरंबाळं येणार. माझ्या आजोबांबद्दल तुम्ही जे बोललात त्याला कागद आहे का? मोरूबद्दल जे आहे त्याला आहे. चौकशीचा कागद आहे, खाली तुमची सही आहे. आणि आवाजही तुमचाच आहे ना?”

“परत भरून घ्या,” कान्हू म्हणाला.

“बघू,” धनेश म्हणाला, आणि पाहुण्यांना चहा द्यायला सांगून निघून गेला.

परतीच्या गाडीत बायजाबाई समोरच्या बाकावर बसली होती. कान्हू सांगत राहिला, कापलं म्हणून, मी सगळं बोललो होतो म्हणून, विशालला विचार म्हणून. ती ऐकत होती. तिने विश्वास ठेवला नाही असं नव्हे. ठेवला, आणि तेच त्याला जास्त लागलं.

“भावजी,” ती अखेर म्हणाली, “तुमी त्या कागदातलं बोललातच कशाला? ते सोडून बाकीचं बोलायचं व्हतं.”



“आजवर लोकं एकदा ऐकलेलं बोलत होती,” ती पुढे म्हणाली. “म्हातारी मेली का विसरली असती. आता रोज ऐकतील. आन पयलं बटन मीच दाबलं.” पेणला उतरल्यावर ती पुढे चालत गेली. त्या दिवसापासून मधल्या भिंतीपलीकडून पुन्हा काही आलं नाही. अपेक्षाचाही फोन आला नाही.

कान्हूने समितीला दोन अर्ज दिले. उत्तर आलं नाही. मग तो दर रविवारी रोह्याला जाऊ लागला. सकाळची गाडी पकडायची, लाँचवर जायचं, पेटीशेजारी उभं राहायचं. कुणी बटण दाबलं की आवाज संपेपर्यंत थांबायचं, आणि मग म्हणायचं, “ह्ये खोटं हाय. माझा भाव पिला नव्हता.” काही लोक हसायचे. काहींना वाटायचं, हाही कार्यक्रमाचाच भाग आहे, ते मोबाइल वर धरायचे. एकही थांबून पुढचं विचारत नसे.

पावसाळ्याआधीच्या एका रविवारी एक कुटुंब आलं. बाईंनी बटण दाबलं, डोळे मिटून सगळं ऐकलं आणि “किती छान बोलतात,” म्हणाल्या.

“बाई, ह्ये खोटं हाय,” कान्हू म्हणाला. “यो आवाज माझाच हाय. मीच त्यो सारंग. माझा भाव पिला नव्हता. ह्यांनी पुढचं कापलं.”

बाईंनी त्याच्याकडे नीट पाहिलं. बाई चांगल्या होत्या, त्यांनी खरंखोटं करायचं म्हणून परत बटण दाबलं. पेटीतला आवाज भरदार होता, धुऊनपुसून लख्ख केलेला, मागे बासरी. कान्हूचा घसा रविवारमागून रविवार ओरडून बसला होता. डोळ्यांत लाली, हात थरथरत होते, पोटात सकाळपासून चहाशिवाय काही नव्हतं. त्यांनी एकदा पेटीकडे पाहिलं, एकदा कान्हूकडे. मग नवऱ्याला हळूच, पण कान्हूला ऐकू जाईल असं म्हणाल्या, “चल बाजूला. सकाळीच पिऊन आलेत वाटतं.”

वॉचमन आला. त्याने कान्हूला दंडाला धरून फळीवरून काठावर नेलं, तसा वाईट वागला नाही.

“मी पिलो नाय,” कान्हू म्हणाला.

“व्हय बाबा,” वॉचमन म्हणाला, “सगळे असंच बोलतात.”

कान्हू काठावरच्या कट्ट्यावर बसला. मी पिलो नाय, असं तो आणखी एकदा म्हणाला, आता ऐकायला कुणीच नव्हतं. मोरूला तर एवढंही बोलायला मिळालं नव्हतं.