कॅसेट मी खाल्ली नाही

मी व्हिडिओ कॅमेरा बोलतेय. आणि आधीच सांगून टाकते, ती कॅसेट मी खाल्ली नाही. त्या दिवशीही हेच सांगत होते, पण कोणी विश्वास ठेवला नाही. घरात काही बिघडलं की ते यंत्रानं बिघडवलं, नाही तर कामवालीनं. घरच्या माणसाच्या हातून कधी काही बिघडतच नाही म्हणे!

"बोलतेय" म्हटलं म्हणून हसू नका. कॅमेरा 'बोलतो' म्हणायचं असतं, हे मलाही कळतं. पण ज्या बाईनं मला पहिल्यांदा मांडीवर घेतलं, तिनं मला "पोरी" अशी हाक मारली. तेव्हापासून मी पोरगीच.

मी कुठल्या देशात जन्मले ते माझ्या पोटावर लिहिलंय, पण अक्षरं इतकी बारीक की कोणी कधी वाचलं नाही. मला आठवतं ते दुकान. काचेमागे आम्ही तिघी होतो, आणि तिघींत मी सगळ्यात स्वस्त. दोन हजार चार सालच्या दसऱ्याला भिवंडीजवळच्या शेलार गावचे केसरीनाथ आले. घराला लागून त्यांचा बारा लूमचा, म्हणजे यंत्रमागांचा, कारखाना. त्यांनी मला उलटंपालटं करून बघितलं.

"ही एवढी स्वस्त कशी?"

"साहेब, लांबचं जरा कमी दिसतं. जवळचा माणूस माणसासारखाच दिसतो."

"मग बास. आमच्याकडं सगली जवलचीच हायत."

अशी मी त्या घरात आले.

पहिल्या महिन्यात मी माणसं बघितली, आणि खरं सांगते, माझी करमणूक झाली. माझ्यासमोर आलं की चालतंबोलतं माणूस खांब होतं. थोरला मुलगा दीपेश केस विंचरल्याशिवाय माझ्यापुढं यायचा नाही. शेजारची काकी पदर सावरून अंगणात उभी राहिली ती हलेचना.

"निघाला का गो?" तिनं ओठ न हलवता विचारलं.

"काकी, फोटो न्हाय हा. हला, बोला काहीतरी," मृणाली म्हणाली.

मग काकी जागच्या जागी डुलायला लागली. तसंच उतरलंय ते.

मृणाली म्हणजे केसरीनाथांची धाकटी मुलगी, बारावीतली. मला धरायची तर तिनंच. तिचा हात कापायचा नाही. आणि मला पोरी म्हणणारी बाई म्हणजे तिची आजी, केसरीनाथांची आई, गुणाबाई.

गुणाबाई धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात हळदीपासून नवरी निघेपर्यंत प्रत्येक विधीचं गाणं असतं, त्याला धवला म्हणतात. ती गाणी पाठ असलेली बाई ती धवलारीण. ती गायला बसल्याशिवाय जुन्या लोकांना लग्न लागल्यासारखं वाटायचं नाही. गुणाबाईच्या पोटात असे कितीतरी धवले होते. लिहिलेलं एकही नाही. लिहिता येतच नव्हतं तिला.

पण मी आले तोवर मांडवात बँजो आणि मोठे स्पीकर आले होते. गुणाबाई गायची, तिचे ओठ हलताना दिसायचे, आवाज कोणाच्याच कानी पडायचा नाही. मृणालीनं एका साखरपुड्यात मला चालू ठेवलं होतं. माझ्याही पोटात नुसता बँजो भरला.

"आजी, घरीच म्हण ना. मी उतरवून घेते."

"मांडव न्हाय, नवरी न्हाय, नि धवला म्हनू? लोकांच्या पोरीबालींचं वाईट व्हईल. मी न्हाय म्हननार."

बाई हट्टी. मृणाली तिच्याहून हट्टी. दिवाळी झाली, तुळशीचं लग्न आलं. मृणालीनं वृंदावनावर उसाचा मांडव केला, तुळशीला हिरव्या बांगड्या घातल्या आणि मला डोळ्याला लावून म्हणाली, "हा मांडव. ही नवरी. आता बोल."

गुणाबाई तोंडाला पदर लावून हसली. मग बसली आणि गायला लागली. दिवेलागणीपासून तासभर गात होती. केसरीनाथांनी कारखान्यातले लूम बंद करायला लावले. गडी दारात येऊन उभे राहिले, भय्ये लोकसुद्धा. मी स्वस्तातली खरी, पण त्या संध्याकाळी मी एक शब्द सांडला नाही.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी टीव्हीवर बघितलं. मृणालीनं कॅसेट सुरुवातीपर्यंत गुंडाळली आणि माझ्या पोटातच राहू दिली. चूक म्हणाल तर पहिली ही.

आता त्यानंतरच्या एका शुक्रवारचं सांगते. शुक्रवारी भिवंडीत लूम बंद. दीपेशचं लग्न ठरलेलं, माघातलं. घरचे सगळे बस्त्याला कल्याणला गेले होते. घरात दोघीच. गुडघे धरून बसलेली गुणाबाई, आणि भांडी घासणारी सरू. सरू जवळच्या पाड्यावरची वारली बाई, पंधरा वर्षं या घरी कामाला.

गुणाबाईनं मला कपाटातून काढलं. ती कोणाला बोलली नव्हती ते मला बोलली.

"पोरी, मी इसरते गो. हलदीचा धवला अर्ध्यावर तुटतो. नातवाच्या लग्नात तुटला तं तोंड कुठं दाखवू? एकदा आयकव."

माझ्या अंगावर एक खटका आहे. एकीकडे फिरवला तर मी दाखवते, दुसरीकडे फिरवला तर मी बघते. गुणाबाईनं फिरवला तो दुसरीकडे. छोट्या पडद्यावर तिला स्वतःची चूल दिसली. घाबरली. काहीतरी भलतंच चालू झालं, बंद करावं म्हणून तिनं लाल बटन दाबलं.

आता तिला दोष कसा द्यावा! तिनं तरुणपणी कारखान्यात सुताच्या कांड्या भरल्या होत्या. लूमच्या स्टार्टरला दोन बटनं, हिरवं चालूचं, लाल बंदचं. भिवंडीत रांगतं पोरही हे शिकतं. माझं लाल बटन मात्र चालू करायचं. मला ज्यांनी घडवलं त्यांनी कधी लूम बघितला नसावा.

बंद झालं समजून तिनं मला काळ्या पिशवीत डोळा खाली करून ठेवलं, आणि पिशवीची चेन उघडीच राहिली. पिशवीत मिट्ट काळोख. मी तुळशीच्या लग्नावर काळोख भरत सुटले. ओरडता येत असतं तर पाडा गोळा केला असता.

पण कान उघडे होते माझे. बाहेर गुणाबाईनं स्वतःशीच धवला धरला. मांडव नाही, नवरी नाही, तरी धरला. गरजच तशी होती.

"हलद निंगाली बाजारा, तिला आनाया कोन गं गेला…"

तुटला. परत धरला, परत तिथंच तुटला. मग ओट्यावरून सरूचा आवाज आला. "नवरीचा मामा गं गेला, कोरा रुमाल घेऊन गेला."

"तुला कसा येतो?"

"पंधरा वरसं मांडवाभायेर भांडी घासतंय, आये. कान काय घासायला लागत न्हायत."

मग दोघी गायल्या. जिथं गुणाबाई अडायची तिथं सरू हात द्यायची. इतकं सुंदर मी तुळशीपाशीही ऐकलं नव्हतं. बघणारं कोणी नव्हतं ना समोर. शेवटी गुणाबाई म्हणाली, "सरू, मी इसरते हे कोनाला बोलू नको. माझी आन हाय."

"न्हाय बोलत."

त्या रविवारी नवरीकडची माणसं आली. केसरीनाथांनी चारचौघांत सांगितलं, "आमच्या आयचे धवले बघा!" टीव्हीवर काळं. पुढं पळवलं, काळं. आणखी पुढं, काळंच. पुढं पळवताना आवाज येत नसतो. पाहुण्यांनी चहाच्या कपात बघितलं.

"कॅमेऱ्यानं कॅसेट खाल्ली. स्वस्तातला आणला की असंच," दीपेश म्हणाला.

"शुक्रवारी घरात कोन होतं?" केसरीनाथांनी विचारलं. सगळ्यांनी मोरीकडे बघितलं. "सरू, झाडताना बटनं दाबलीस ना?"

"मी न्हाय, शेट."

"मग कोनी? भुतानं?"

सरूनं गुणाबाईकडे बघितलं, एकदाच. गुणाबाईनं तोंड भिंतीकडे केलं.

"उद्यापासून येऊ नको," केसरीनाथ म्हणाले.

सरूनं हातातलं पातेलं पालथं घातलं, हात पुसले आणि गेली. शपथ घातली होती तिला, ती तिनं मोडली नाही. आणि शपथ घालणारी भिंत बघत बसली. मला पोरी म्हणणारी बाई ती, पण त्या दिवशी मी तिच्यावर अशी चिडले, की माझ्या डोळ्यात तिचं तोंड कधी येऊ नये असं वाटलं.

मृणालीला मात्र चैन पडेना. तिनं मला भिवंडीतल्या निजामपुऱ्यात, कॅमेरे दुरुस्त करणाऱ्या रईसभाईंकडे नेलं. गल्लीत दोन्ही बाजूंनी लूमचा खडखडाट, मधे त्यांचं हातभर दुकान. त्यांनी मला साफ केलं, कॅसेट लावली, कानाला हेडफोन लावला आणि डोळे मिटले.

"क्या हुआ चाचा? खराब है क्या?"

"मशीन एकदम अच्छी है, बेटा. तुम लोग देख रहे थे. सुना किसीने नहीं." त्यांनी हेडफोन तिच्या कानाला लावला. "दो औरतें गा रही हैं."

मृणाली तिथंच स्टुलावर बसली आणि तासभर ऐकत राहिली. धवला ऐकला, शपथही ऐकली. घरी येऊन तिनं टीव्हीचा आवाज पूर्ण वाढवला. काळ्या पडद्यासमोर सगळं घर बसलं. "मी इसरते" हे आलं तेव्हा केसरीनाथांनी आईकडे बघितलं, आणि गुणाबाईनं या खेपेला तोंड फिरवलं नाही.

"माझ्या चपला द्या," ती म्हणाली. "नि पोरीला संगं घ्या. मी बोलन ते तिच्यात राहू द्या."

त्या दिवशीचं सांगते, पण आधी माझं थोडं. मी आता कपाटात वरच्या फळीवर आहे. बॅटरी फुगलीय, माझ्या मापाची कॅसेट दुकानात मिळत नाही. मोबाइल आले, माझ्याहून शहाणे आहेत. दीपेशची पोरं मला खेळणं समजतात. माझी तक्रार नाही. एकच मागणं आहे. तुमच्या घरात कोणी म्हातारी गुणगुणत असेल तर चित्र चांगलं आलं का ते नंतर बघा, आधी आवाज वाढवा. आणि बिघाडाचं खापर फोडायच्या आधी ज्याच्यावर फोडताय त्याचं ऐका. आम्हाला तोंड नसतं, आणि सरूसारखीला असून वापरता येत नाही.

तर तो दिवस. ऊन तापलेलं. गुणाबाई काठी टेकत पाड्यावर गेली. मागे केसरीनाथ, आणि मी मृणालीच्या हातात. पाड्यावरची माणसं गोळा झाली. सरू दारात भात पाखडत होती, तिनं वर बघितलं नाही. तिचा नवरा धाकल्या पुढे आला.

केसरीनाथ खाकरले. "सरू, ये परत. झालं गेलं. मशीनचाच दोष होता, काय करनार?"

बघा! परत माझ्यावरच!

"गप रं," गुणाबाई म्हणाली. "तिला तोंड न्हाय म्हनून तिच्यावर ढकलतोस?" मग ती सरूच्या दारात मातीतच बसली. "सरू, दीपेशच्या लग्नाला ये. भांडी घासाया नको. मांडवात माझ्या पाटावर बस. मी अडले तं पुढचं तू म्हन."

सरूचं सूप थांबलं. धाकल्या बोलला.

"आये, सरूचं नाव चार मानसांत घेतलंत तुमी. आज बी चार मानसं हायत. मंग आता सांगा, धवला पुसला कोनी? नाव घ्या."

गुणाबाईनं डोक्यावरचा पदर मागे केला. केसरीनाथांकडे बघितलं नाही, सरूकडेही नाही. सरळ माझ्या डोळ्यात बघितलं, आणि मांडवात गाताना लावायची तसा आवाज लावून, शेवटच्या झोपडीपर्यंत ऐकू जाईल असं म्हणाली,

"गुणाबाई."