पडताळणीच्या बाईंचा हात

या, असे पुढे सरका, भिंतीला टेकून ऐकण्यासारखी गोष्ट नाही ही. एका शहाण्या माणसाची मान खाली कशी गेली, ते सांगायचे आहे.

राष्ट्रीय प्रयोगशाळेत एक दाढीवाले शास्त्रज्ञ होते. सगळे त्यांना दाढीसर म्हणत. त्यांनी तापाच्या एका औषधाचे नव्या घडणीचे स्फटिक काढले. जुने औषध उकाड्यात नासायचे, हे बर्फाशिवाय टिकायचे. देवानेच पदरात घातलेले दान म्हणावे असे काम. पण तिथला नियम असा, की शोध जाहीर होण्याआधी दुसऱ्या इमारतीत, दुसऱ्याच्या हातून तो होऊन दिसला पाहिजे. ते काम पडताळणीच्या बाईंकडे. बाईंनी सांगितल्याबरहुकूम द्रावण केले, गाळले, निववले. स्फटिक येईनात. पुन्हा केले, पुन्हा तेच. कुपीत नुसते नितळ पाणी.

भरल्या सभेत संचालकांनी विचारले, चुकतेय कुठे? बाई म्हणाल्या, लिहिलंय तसंच केलं. त्यावर दाढीसर खुर्चीत रेलून म्हणाले, "बाई, काहींच्या हाताला गुणच नसतो. कृती बिचारी काय करणार?"

सभा पोट धरून हसली. बाईंनी हात हळूच टेबलाखाली घेतले. काम त्यांच्याकडून काढून त्यांना काचसामानाच्या भांडारात बसवले.

पुढे नव्या माणसाला शिकवायला दाढीसर त्या इमारतीत गेले. कपाटात बाईंच्या कुप्या तशाच होत्या. त्यांनी एकीचे बूच काढले, दाढी कुरवाळत आत डोकावले, बूच लावले आणि जेवायला गेले. येऊन बघतात तर त्या कुपीत स्फटिकांचा खच. बाकीच्या नितळच. नवा माणूस म्हणाला, सरांचा पायगुण! दाढीसर हसले, आणि हसता हसता थबकले. त्यांनी तर काही केलेच नव्हते. वर्षानुवर्षे त्याच औषधाच्या धुळीत वावरलेली दाढी. तिच्यातला एखादा कण आत पडला आणि दुधाला विरजण लागावे तसे झाले. त्यांच्या खोलीच्या हवेतच ते विरजण होते. बाईंची खोली स्वच्छ होती, एवढाच बाईंचा गुन्हा.

सरांनी हे कानावर घातले तेव्हा संचालक म्हणाले, कृतीत 'चिमूटभर तयार स्फटिक घालावेत' एवढी ओळ वाढवा, झाकली मूठ राहील. दाढीसरांना ते घटकाभर पटलेही. मग लाज वाटली ती त्या पटण्याचीच.

ते भांडारात गेले. बाई फडक्याने नळ्या पुसत होत्या. सरांनी सगळे सांगून माफी मागितली. बाईंनी हातातली नळी खाली ठेवली.

"सभेत हसले त्याचं काही नाही, सर," त्या म्हणाल्या. "पण मला ते खरं वाटलं हो. घरी मुलगी आजारी पडली, तर औषध मी ओतत नव्हते. ह्यांना म्हणायचे, तुम्हीच द्या."

धरणी पोटात घेईल तर बरे, असे दाढीसरांना झाले. पुढच्या सभेत ते उभे राहिले. म्हणाले, "बाईंचा हात चोख होता. घाण माझ्या दाढीत होती. हसायचं तर आता हसा." कुणी हसले नाही.

बाईंना काम परत मिळाले. पण पहिली कुपी त्यांनी नव्या माणसापुढे सरकवली, म्हणाल्या, तुम्हीच ओता, आणि ते दाढीसरांना बघावे लागले. माफीने एवढे काही भरून आले नव्हते.

तेव्हा माझ्या माणसांनो, कधी कुणाच्या उशाशी असले बिनबर्फाचे औषध दिसले, तर शोध लावणाऱ्याचे नाव घेणारे पुष्कळ असतील. तुम्ही त्या बाईंची आठवण ठेवा, आणि देवाजवळ त्यांच्यासाठी दोन शब्द बोला.