जसाच्या तसा फोटो

फोटोवाल्याच्या बायकोच्या पोटरीवरचा तीळ वाढायला लागला होता. कातडीच्या डॉक्टरकडे जायचं म्हणजे दिवसभराचा प्रवास, आणि नंबर लागणार पुढच्या महिन्यात. अशात कळलं, की तिथल्या डॉक्टरीणबाई आता घरबसल्या तपासतात. फोटो पाठवायचा, त्या बघून लगेच फोन करतात. फोटो! मग काय, आमच्या फोटोवाल्याला आभाळ ठेंगणं झालं.

"अगं, हा तर माझ्या डाव्या हातचा मळ!"

त्याने बायकोला स्टुडिओतल्या स्टुलावर बसवलं, दोन्हीकडून दिवे लावले आणि सवयीने म्हणाला, "हनुवटी जरा वर."

"पोटरीचा काढताय ना? मग हनुवटी कशाला? आटपा लवकर!"

फोटो कॉम्प्युटरवर घेतला, झटपट हात फिरवला, पाठवला. थोड्याच वेळात डॉक्टरीणबाईंचा फोन.

"कडा सरळ आहेत, रंग एकसारखा आहे. काळजीचं काही दिसत नाही."

घरात नुसता आनंदीआनंद! बायकोने ताबडतोब बहिणीला फोन लावून फोटोही धाडला. "बघितलास माझा पाय? जाहिरातीतला वाटतो की नाही? एक शीर म्हणून दिसत नाही!"

आतून ते ऐकलं आणि फोटोवाल्याच्या छातीत धस्स झालं. शिरा दिसत नाहीत? पोटरीवर तर हिरव्यानिळ्या शिरांचं जाळं आहे तिच्या!

धावत जाऊन त्याने मूळ फोटो उघडला. तिळाची एक बाजू फाटल्यासारखी वेडीवाकडी, मध्ये काळानिळा डाग. आयुष्यभर नवरीमुलींच्या फोटोतल्या मुरमांवरून फिरलेला हात, त्याने डोक्याला न विचारताच सगळं गुळगुळीत करून टाकलं होतं. त्याला स्वतःच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. बायकोला सांगताना त्याची जीभ अडखळली.

"म्हणजे बाईंनी माझा तीळ पाहिलाच नाही?" तिने वाकून तीळ पाहिला. मग तीच ओरडली, "अहो, बघत काय बसलात? लावा फोन!"

"बाई, चुकलो. फोटो मी साफ केला होता. सवय हो, दुसरं काही नाही."

पलीकडून लगेच आवाज आला. "जसाच्या तसा पाठवा. आत्ता. फोन ठेवू नका."

पाठवला. दोघं एकमेकांचा हात घट्ट धरून उभी.

"उद्याच या," बाई म्हणाल्या. "नंबरबिंबर काही नाही, मी वाट बघते. हा तीळ काढून तपासायलाच हवा."

तीळ निघाला, टाके पडले, आणि मग रिपोर्टची वाट बघणं सुरू झालं. फोन वाजला की दोघंही दचकायची. शेवटी एका दुपारी बाईंचा चेहरा फोनच्या पडद्यावर आला, आणि या खेपेला त्या हसत होत्या.

"कॅन्सरच होता, पण अगदी सुरुवातीचा. पूर्ण निघालाय, आजूबाजूची कातडी स्वच्छ आहे. आणखी उशीर झाला असता, तर मला असं हसून सांगता आलं नसतं."

पुढचं फोटोवाल्याने ऐकलंच नाही. तो अनवाणी रस्त्यावर धावला आणि दिसेल त्याला मिठी मारत सुटला. "निघाला! सगळा निघाला!" पोस्टमन सुटला नाही की समोरचा इस्त्रीवाला.

मागून बायको लंगडत, डोळे पुसत, हसत दारात आली.

"अहो, वाचले मी आणि मिठ्या लोकांना काय मारताय? इकडे या आधी!"