मी लाल दिवा लावतो तेव्हा

मी विजेच्या गाडीचा चार्जर बोलतोय. भिंतीवर मिरवणारा नव्हे, डिकीत राहणारा, गाडी जाईल तिथे तिच्यासोबत जाणारा. माझ्या एका टोकाला तीन पायांचा जाडजूड प्लग आहे, दुसऱ्या टोकाला गाडीत बसणारी दांडी आणि मधे विटेएवढा डबा. डब्यावर दोन दिवे. हिरवा लागला की समजावं, मी कामाला तयार आहे. लाल लागला की समजावं, मी नाही म्हणतोय. आणि मी एकदा नाही म्हटलं की नाही! ह्या स्वभावापायी एका भर दुपारी मला भंगारात काढायची भाषा झाली होती. तीच हकीकत सांगायची आहे, पण आधी माझी ओळख होऊ दे.

माझा जन्म कारखान्यातला. तिथे लाड नावाचा प्रकार नव्हता. अंगावर पाणी मारलं, उंचावरून फरशीवर आपटलं, माझ्या एका भावंडावरून तर चक्क गाडी नेली. ते पास झालं, मीही झालो. मग खोक्यात बसून दुकानात आलो आणि गिऱ्हाइकाची वाट बघू लागलो.

माझी मालकीण डोळे तपासते. शाळाशाळांमधून फिरते, मुलांना भिंतीवरची अक्षरं वाचायला लावते, म्हणून मुलं तिला ‘डोळ्यांच्या बाई’ म्हणतात. मीही बाईच म्हणतो. दुकानात आल्या तेव्हा बाईंच्या हातात सुतळीचं एक भेंडोळं होतं. दुकानदाराने आधी माझ्या शेजारच्या भपकेबाज चार्जरवर हात ठेवला. त्याला आकडे दाखवणारा मोठा पडदा होता, आणि तोरा तर त्याहून मोठा.

“हा घ्या ताई. दुप्पट ताकदीचा आहे, पटकन काम होतं.”

“दुप्पट ताकद माझ्या घरच्या सॉकेटला झेपेल का? आणि माझी गाडी तेवढं घेईल का?”

दुकानदाराने कान खाजवला. “तसं बघायला गेलं तर... नाही.”

“मग मी पडद्याचे पैसे कशाला देऊ?”

मला तर तिथल्या तिथे टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. मग बाईंनी माझी चौकशी सुरू केली. प्लग तापला तर हा आपणहून थांबतो का? सॉकेट जुनं असेल तर करंट कमी करायचं बटण आहे का? पावसाचे चार थेंब पडले तर? सगळ्याला ‘हो’ आल्यावर त्यांनी मला दुकानभर सरळ पसरलं आणि शेजारी सुतळी सोडली. गाडी उभी राहते तिथपासून घरातल्या सॉकेटपर्यंतचं ते माप होतं. सुतळी संपली तरी माझी हातभर केबल उरली. त्या हातभर केबलने माझं नशीब उघडलं.

एवढ्या चोखंदळ बाई, पण पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला मिक्सरच्या एक्स्टेन्शनला जोडलं. त्या किडमिड्या वायरीतून मी गाडी भरायची म्हणजे काय चेष्टा आहे? वायर तापली, प्लग तापला, मी थांबलो. बाईंनी प्लगला हात लावला, चटकन मागे घेतला, आणि एक्स्टेन्शन उचलून मिक्सरला परत दिलं. बाईंचं हेच मला आवडतं. त्यांना एकदा सांगितलेलं पुरतं. पुढे सगळं अंगवळणी पडलं. आधी भिंतीत प्लग, मग गाडीत दांडी. काढताना आधी गाडी, मग भिंत. केबलचं वेटोळं पूर्ण सोडायचं, डबा प्लगला लोंबकळत ठेवायचा नाही. शाळेतलं सॉकेट म्हातारं असेल तर बटण दाबून माझी ओढ कमी करायची. आत मुलं एक डोळा झाकून अक्षरं वाचतात आणि बाहेर मी व्हरांड्यात बेताबेताने वीज ओढत असतो.

फिरतीवर माणसांची एक खोड मात्र पक्की कळली. लाल दिवा दिसला की ती म्हणतात, “चार्जर बिघडला.” आमच्या भिंतीतच काही बिघडलं असेल, हे कुणाच्या तोंडून निघत नाही. घर आपलं, डबा परका. मग दोष कुणाच्या माथी जाणार?

आता त्या दुपारकडे वळतो. बाई त्यांच्या दादाकडे जेवायला गेल्या होत्या. परतीपुरती वीज गाडीत नव्हती, म्हणून जेवणं झाल्यावर मला मागच्या ओसरीतल्या सॉकेटला लावलं. शेजारीच वॉशिंग मशीन होतं आणि त्याच्यापुढे रबरी चपलांचा एक जोड, जिथल्या तिथे ठेवलेला. मी जमिनीकडे जाणारी वाट चाचपली. वाट नव्हती. म्हणजे अर्थिंगच नव्हतं. मी लाल दिवा लावला.

दादांनी जन्मभर कारखान्यात यंत्रं दुरुस्त केलेली. ते माझ्यापुढे कमरेवर हात ठेवून उभे राहिले.

“छोटे, तुझा डबा गेला.”

“दादा, कालच शाळेत व्यवस्थित चालला. लावल्या लावल्या लाल झाला, म्हणजे अर्थिंग नाही म्हणतोय तो.”

“माझ्या घरात? अगं, ह्या घरातली वायर न् वायर मी स्वतःच्या हाताने ओढलीय! असला नाजूक माल घेतेस कशाला? भंगारात दे.”

मला राग आला. नाजूक कोण? ज्याला फरशीवर आपटून पास केलंय तो? पण मला तोंड नाही, दिवा आहे. तो मी तसाच ठेवला.

दादांनी मला काढलं, मेन बंद केला आणि सॉकेटचं झाकण उघडलं. “थांब, आत एक तुकडा जोडून टाकतो. अर्थची जागा न्यूट्रलला बांधली की झालं. डब्याला काय कळतंय!”

आता खरं सांगतो. न्यूट्रल म्हणजे करंटची परतीची तार; अर्थची जागा तिला बांधली असती तर ती लबाडी मला कळली नसती. मी हिरवा झालो असतो, गाडी भरली असती, सगळे खूश झाले असते आणि घरातला धोका जिथल्या तिथे राहिला असता, उलट वाढलाच असता. मला पहिल्यांदाच भीती वाटली.

तेवढ्यात वहिनी हात पुसत दारात आल्या.

“वन्सं, अर्थिंग नसलं की काय होतं हो?”

“यंत्राच्या पत्र्यावर करंट उतरला तर त्याला जायला वाट नसते, वहिनी. मग तो हात लावणाऱ्याच्या अंगातून जातो.”

वहिनींनी मशीनपुढचा चपलांचा जोड उचलला आणि माझ्या डब्याशेजारी आणून ठेवला.

“ह्या चपला घातल्याशिवाय मी कपडे धूत नाही. मशीनला हात लागला की मुंग्या येतात, किती वर्षं सांगतेय. हे म्हणतात, मशीनमध्ये नाही, तुझ्याच अंगात करंट आहे. सगळं घर हसतं. मीसुद्धा हसते.”

“अगं, ती गंमत...” दादा म्हणाले.

“हो, गंमतच. पण पुढच्या आठवड्यात लेक येतेय बाळाला घेऊन. ते आता रांगतं, मिळेल त्याला धरून उभं राहायला बघतं. त्याला मी कुठल्या चपला घालू, सांगा!”

दादांच्या हातातला तांब्याच्या तारेचा तुकडा हातातच राहिला. वहिनी माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, “इतक्या वर्षांत ह्या घरात माझ्यासारखं बोलणारा हा पहिलाच.”

मला जेवढा अभिमान वाटायचा तेवढा वाटलाच, पण त्याहून जास्त वाईट वाटलं. माझा लाल दिवा बघायला सगळे वाकले होते. वहिनींच्या मुंग्यांसाठी कुणी कधी वाकलं नव्हतं.

दादांनी तार खिशात टाकली. मशीनचा प्लग उपसून बाजूला ठेवला. मग ओसरीमागच्या अंगणाकडे बघत ते पुटपुटले, “अर्थिंगचा खड्डा तिथेच होता. फरशी घातली तेव्हा...” पुढचं वाक्य त्यांनी गिळलं आणि ते पहार शोधायला गेले.

बाईंनी त्या दिवशी गाडी रस्त्यावरच्या चार्जिंग स्टेशनवर भरली. मी डिकीत डोळे तपासायच्या तक्त्याखाली पडून होतो. एरवी परक्या चार्जरपाशी गेलो की माझा जीव खालीवर होतो. त्या दिवशी काही वाटलं नाही, लक्ष सगळं त्या अंगणात होतं.

लेक यायच्या आदल्या दिवशी बाई मला घेऊन पुन्हा तिथे गेल्या. अंगणातली एक ओळ फरशी उखडलेली होती. फरशी घालणाऱ्यांनी अर्थिंगची तार तोडून वरून सिमेंट थापलं होतं, आणि देखरेखीला दादा स्वतः उभे होते. आता नवा खड्डा, नवी तार झाली होती. प्लग बाईंनी लावला नाही, दादांनीही नाही. वहिनींनी लावला. मी वाट चाचपली. होती, चांगली ऐसपैस होती. मी हिरवा झालो.

“बघू,” म्हणत वहिनींनी चपला काढल्या आणि दादांनी मशीन सुरू करताच त्याच्यावर तळहात टेकवला. थोडा वेळ तसाच राहू दिला.

“येतात का गं मुंग्या?” दादांनी विचारलं. ह्या वेळी ते हसत नव्हते.

“नाही,” वहिनी म्हणाल्या, आणि त्यांचे डोळे भरून आले.

आज माझी केबल थोडी घासलीय, डब्यावर चरे पडलेत, पण कामात मी अजून नव्यासारखा आहे. दादांकडे गेलं की गाडी भरलेली असली तरी वहिनी म्हणतात, “वन्सं, आधी तुमचा डबा लावा.” मला त्याचा कंटाळा येत नाही.

तुम्हीही माझ्यासारखा एखादा घरी आणाल. मोठ्या पडद्याला भुलू नका, घरचं सॉकेट बघा, सुतळीने अंतर मापा. आणि मी लाल झालो तर मला शिव्या घालायच्या आधी घरात विचारा, हेच कुणी आधी सांगत होतं का. बहुतेक सांगत असेल.

परवाच मी ओसरीत लावलेला होतो. मशीन घरघरत होतं. बाळ रांगत आलं, माझ्या हिरव्या दिव्याकडे टक लावून बघितलं, मग मशीनच्या पत्र्याला दोन्ही हात टेकून उभं राहिलं. वहिनी जवळच कपड्यांच्या घड्या घालत बसल्या होत्या. त्यांनी बाळाच्या उघड्या पावलांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि पुढचा कपडा घडी करायला घेतला.