पिवळ्या टोमॅटोचं बी

शहराच्या सांडपाण्यातला गाळ वाळवून, निर्धोक करून शेतात खत म्हणून टाकायचं आम्ही ठरवलं, तेव्हा शेजाऱ्यांनी नाकाने कांदे सोलले. दोन वर्षांत आमचं पीक कमरेच्या वर गेलं आणि तेच लोक खताच्या गाडीचा नंबर विचारायला आले. मी मात्र त्या काळ्या खताला कधीच सरावले नाही. माझ्या थोरल्या बहिणीला, ताईला, ते नुसतं खत वाटायचं. मला त्यात माणसं जाणवायची. नांगरट झाली की मातीत एखादं बारीक बटण सापडायचं, आणि ज्याच्या शर्टाचं ते तुटलं तो माझ्या पाठीमागे उभा आहे असं वाटून मी वळून बघायचे. भर दुपारी. कुणी नसायचं, पण खात्री करून घेतल्याशिवाय चैन पडायचं नाही.

आणि टोमॅटो. हे खत टाकलं की न पेरता टोमॅटो उगवायचे.

"त्यात काय नवल, मावशी?" गाडी आणणारा खतवाला हसायचा. "माणूस लोखंड पचवेल, पण टोमॅटोचं बी नाही पचवत. पोटातून गटारात, गटारातून आमच्याकडे, आमच्याकडून तुमच्याकडे. कितीही वाळवा, थोडं बी चिवट निघतंच."

ती रोपं मी ताईच्या नजरेस पडायच्या आत उपटून टाकायचे. आमच्या घरात टोमॅटोचं नाव काढायचं नाही, असा तिचा कायदा होता.

त्याला कारण बारक्या, तिचा एकुलता एक मुलगा. आमच्या आईपासून चालत आलेलं एक टोमॅटोचं वाण आमच्या परसात होतं. पिवळंधमक, भोपळ्यासारख्या फोडी पडलेलं, टोकाला बोंड. दुसऱ्या कुणाकडे मी ते कधी पाहिलं नाही. बारक्या त्याच्यावर जीव टाकायचा. पुढे त्याला भलतंच होऊ लागलं. डोक्यात कुणीतरी बोलतं, झोपू देत नाही, म्हणायचा. ताई म्हणायची, "नाटकं पुरे झाली, कामाला लाग." एका सकाळी त्याने कागदावर वाळत घातलेलं बी खरवडून खिशात भरलं आणि तो निघून गेला. ताईने रागाच्या भरात परसातलं एकूण एक रोप उपटलं. "भूक लागली की येईल," म्हणाली.

तो आला नाही. आम्ही सगळीकडे शोधलं. सगळीकडे म्हणजे, एक जागा सोडून. "टेकडीवरच्या वेड्यांच्या इस्पितळात बघू या का?" असं मी एकदाच विचारलं. ताईने माझ्याशी बोलणं टाकलं. तिचा मुलगा वेडा नव्हता. मीही मग मूग गिळून गप्प बसले.

यंदा गुडघा धरला म्हणून मी शेतात दोन-तीन महिने उशिरा गेले. बांधाच्या कडेला ताई उकिडवी बसली होती. समोर टोमॅटोचं झाड, लाल फळांच्या झाडांमध्ये एकटंच, आणि त्याला पिवळी, फोडी पडलेली, बोंड असलेली फळं.

"आहे," ताई म्हणाली. "जेवतोय तो."

"अगं, पाखरांनी आणलं असेल."

"कुठून आणतील? मी एक बी शिल्लक ठेवलं होतं का?"

बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, इथे तर अख्खं झाड होतं. दुसऱ्या दिवशी ती मला ओढतच सांडपाण्याच्या प्लँटवर घेऊन गेली. गाळ वाळवायच्या वाफ्यांवर देखरेख करणारा माणूस रबरी बूट घालून फावड्याने कडा सारख्या करत होता. आमच्या शेतात आलेलं खत कुठल्या वस्तीचं, असं ताईने विचारलं, तेव्हा तो आधी हसला.

"सगळ्या शहराचं एकच कालवण असतं, आजी. कुठलं कुणाचं, कसं सांगणार?" मग डोकं खाजवत थांबला. "पण यंदा शहराच्या टाक्या दुरुस्तीला काढल्या होत्या. तुमच्या गाड्या त्या कोपऱ्यातल्या वाफ्यावरनं भरल्या. त्यांची लाईन वेगळी आहे. टेकडीवरच्या इस्पितळाची."

ताईने माझ्याकडे पाहिलं नाही. मला तिचा राग आला, कीव आली, दोन्ही एकदमच आलं.

टेकडीवर स्वयंपाकघराच्या मागे भाजीचे वाफे होते. पिवळे टोमॅटो लगडले होते. ताई जवळजवळ धावली. पांढऱ्या कपड्यातला एक वयस्कर परिचारक बाहेर आला. तिने फळ त्याच्यासमोर धरलं. "हे लावणारा कुठे आहे?"

"आमचा माळीदादा?" परिचारक अवघडला. "बसा ना तुम्ही."

ती बसली नाही.

"छातीत कफ झाला होता. त्याला जाऊन दोन हिवाळे झाले. खिशात बी घेऊनच आला होता बिचारा. नाव काही सांगितलं नाही. कितीदा विचारलं आम्ही, तर म्हणायचा, माझ्या आईला विचारा, ती येणार आहे."

मी ताईचा दंड धरला. लाकडासारखा लागला.

"खोटं," ती म्हणाली. "यंदाच्या खतात त्याचं बी आलंय. मग ते कुणी खाल्लं?"

"सगळ्यांनीच. तो रोज सगळ्यांना वाटायचा. आता तेच लोक लावतात आणि खातात."

जेवणाची वेळ होती. आत लांब बाकांवर माणसं बसली होती, काही तरुण, काही केस पिकलेली. ताई दारात उभी राहिली. घरात हाक मारायची तशा आवाजात म्हणाली, "पिवळे टोमॅटो कुणी खाल्ले?"

आधी कुणी हललं नाही. मग एकाने हात वर केला. मग शेजारच्याने. बघता बघता सगळे हात वर गेले, शाळेतल्या पोरांसारखे.

ताई पहिल्या बाकाशी गेली. पहिल्याची हनुवटी धरून तिने त्याचं तोंड उजेडाकडे वळवलं, नीट बघितलं, गालावरून हात फिरवला आणि पुढच्याकडे वळली. कुणी विरोध केला नाही. पुढचे आपणहून चेहरा वर करून वाट बघत होते. मी दारातच रडत होते. शेवटच्या माणसापर्यंत ती गेली. तिथे जरा वेळ उभी राहिली, पदराने तोंड पुसलं, आणि परत पहिल्यापासून सुरू झाली.