फुली न मारलेलं शहर

तेजस्विनीचा हिंजवडीहून फोन आला. "मम्मी, दिवाळीच्या आधी तीन दिवस तू आणि पप्पा कुठंतरी फिरून या. तिकीट, हॉटेल सगळं मी बघते. तू फक्त शहराचं नाव सांग. रविवारपर्यंत."

"बघते," मी म्हणाले.

आमच्या घरात "बघते" म्हणजे नाही. पण लेक माझ्याच पोटची. "बघते नको. नाव पाहिजे," म्हणाली आणि फोन ठेवून दिला.

वेळ तशी सोयीची होती. सोयाबीन निघालं होतं, कांद्याचं रोप वाफ्यात जेमतेम बोटभर झालं होतं. दोनपैकी एक गाय आटलेली, दुसरीची धार काढायला धाकटे दीर तयार. थोडक्यात, आमच्या अवसरी गावाला तीन दिवस आमची काही गरज नव्हती. हे कळल्यावर आनंद व्हायला हवा होता. मला आधी थोडा रागच आला.

तसं आम्ही सत्तावीस वर्षांत कुठं गेलोच नाही असं नाही. लग्नाला गेलो, दहाव्याला गेलो, कुणाला दवाखान्यात ठेवलं की डबा घेऊन गेलो. पण जाईन तिथं मी कुणाच्या तरी घरी भाकरी थापली. लोकांना शहरं बागांवरून, राजवाड्यांवरून आठवतात. मला ओट्यांवरून आठवतात. नाशिकचा ओटा उंच, ठाण्याचा इतका बुटका की कंबर धरते, कोल्हापूरला सिंकमधलं पाणी तुंबतं. पुणं म्हणजे चार ओटे. शनिवारवाडा मी बसमधूनच पाहिलाय.

तेव्हा मला असं शहर हवं होतं, जिथं कुणी मला वहिनी म्हणणार नाही, मामी म्हणणार नाही, "तुम्ही बसा हो निवांत" म्हणत परात पुढं सरकवणार नाही. मी आणि हे. तीन दिवस. एवढंच मागणं.

पण त्यासाठी त्या शहरात आपलं माणूस नसायला हवं. माणूस असताना हॉटेलात उतरणं म्हणजे त्याच्या तोंडावर दार लावून घेणं. एकदा हे पंपाचं सामान आणायला नाशिकला गेले आणि उशीर झाला म्हणून माझ्या नणंदेकडं न जाताच परतले. वन्संना ते कसं कळलं, देव जाणे. त्या दोन वर्षं राखीला आल्या नाहीत. राखी पोस्टानं आली, आणि पाकिटात कुंकवाची पुडी नव्हती. सासूबाईंनी ते पाकीट सगळ्या आळीला दाखवलं.

मी तेजूचा शाळेतला नकाशासंग्रह पोत्यातून उपसला, पेन्सिल घेतली आणि ज्या शहरात आपलं कुणी आहे त्यावर फुल्या मारायला बसले. तासाभरात महाराष्ट्राला कांजिण्या आल्यासारखं दिसायला लागलं. मग नकाशात खाली उतरले. बेळगावला ह्यांचा मित्र, फौजेतून सुटून तिथंच राहिलेला. हैदराबादला भाचेजावई. वर सुरतेला मामेभाऊ. गोव्यात कुणी नाही, पण गोवा म्हटलं की गावातले लोक आधी ह्यांच्याकडं बघणार, मग माझ्याकडं, आणि मग आपापसात. इंदूरला चुलत जावेची बहीण. हे काही नातं नव्हे असं कुणाला वाटत असेल, तर त्यानं आमच्या चुलत जावेला विचारून बघावं.

भूगोलात मला नववीत पस्तीस मार्क होते आणि पुढं शाळाच सुटली. पण त्या दुपारी मी जो भूगोल केला, तो कुठल्या मास्तरानं केला नसेल. शेवटी पेन्सिल भोपाळवर थांबली. भोपाळला आमचं कुणी नव्हतं. जन्मलं नव्हतं, नांदायला गेलं नव्हतं, नोकरीला लागलं नव्हतं.

सासूबाई, म्हणजे आमच्या आत्या, उंबऱ्यात बसून लसूण सोलत होत्या. त्यांना सांगितलं.

"भोपाळला देव कोणता?" त्यांनी विचारलं.

"देवासाठी नाही चाललो, आत्या."

"मंग पावणं कोण हाय?"

"कुणी नाही."

"दवाखाना?"

"कुणाला काही झालेलं नाही. नुसतं फिरायला."

आत्यांनी हातातली पाकळी खाली ठेवली. "देव न्हाई, पावणं न्हाई, दुखणं न्हाई. मंग येवढ्या लांब जाऊन करायचं काय गं तुमी दोघांनी?"

मी हसून आत गेले. पण प्रश्न माझ्या मागोमाग आत आला.

संध्याकाळी हे गोठ्यात पाइपाला चिकटपट्टी गुंडाळत होते. मी म्हटलं, "भोपाळ ठरवलंय."

"बरं."

"तिथं मोठं तळं आहे म्हणे."

"बरं."

"तीन दिवस जायचं."

"बरं."

 आमचं सत्तावीस वर्षांचं बोलणं डोळ्यांपुढं आलं. लाईट दिवसाची आहे का रात्रीची? मोटर बंद केली का? दुधाला फॅट किती लागली? आत्यांची गोळी संपली का? आम्ही काही भांडलेलो नव्हतो, उलट छानच चाललं होतं. पण ते चाललं होतं मोटर, गाय आणि आत्यांच्या आधारानं. भोपाळच्या हॉटेलात ह्यातलं काहीच नसणार. एक पलंग, एक टीव्ही आणि "बरं" म्हणणारे हे. आयुष्यभर पाहुण्यारावळ्यांच्या नावानं बोटं मोडली, पण ही माणसं मध्ये होती म्हणूनच आमचं निभावलं असेल तर?

दुसऱ्या दिवशी मंचरला कापड घ्यायला गेलो. म्हणजे गेले होते ड्रेस घ्यायला. फिरायला जायचं तर ड्रेस घालायचा, असं मी आठवडाभर मनाशी घोकलं होतं. दुकानात शिरले आणि म्हणाले, "साड्या दाखवा, साध्याच." हे गादीच्या कडेला चहा घेऊन बसले.

दुकान माणिकचंदशेठचं, पण चालतं त्यांच्या सुमतीबाईंच्या जिभेवर. "कुणाचं लग्न काढलं वृषालीताई, या दिवसांत?"

"लग्न नाही. आम्ही भोपाळला निघालोय, फिरायला." इथंच थांबायला हवं होतं. पण माझंच तोंड पुढं म्हणालं, "तिथं ओळखीचं कुणी असतं तर बरं झालं असतं."

हे मी बोलले. नकाशाला फुल्या मारमारून पेन्सिल झिजवणाऱ्या बाईनं. आणि बोलले कुणापुढं, तर जिच्या माहेरची आणि सासरची माणसं राजस्थानपासून थेट इथवर वाटेतल्या प्रत्येक बाजारपेठेत दुकान टाकून बसलीत, तिच्यापुढं.

"अगं बाई, भोपाळला माझी नणंद आहे की!" सुमतीबाईंचा हात फोनवर गेलासुद्धा. व्हिडिओ कॉल. पडद्यावर गोऱ्यापान, चष्मेवाल्या बाई आल्या आणि मला बघून अशा हसल्या की जणू मी त्यांच्या मांडीवर वाढले होते. "आइए ना भाभी! होटल में कोई ठहरता है क्या? घर है अपना. तीनों दिन खाना हमारे यहाँ."

भाभी! आठशे किलोमीटर लांब जाऊन मी पुन्हा वहिनी झाले. वाईट वाटायला हवं होतं, पण खरं सांगते, माझा जीव भांड्यात पडला. आता बोलायला माणसं होती. ओटा असणार, त्याची उंची कळली की झालं. मी तोंडभरून "हो, हो, जरूर" म्हणायला लागले.

तेवढ्यात ह्यांनी कप खाली ठेवला. उठले, माझ्या खांद्यावरून हात लांबवून फोन घेतला आणि तो भाकरीच्या तव्यासारखा लांब धरून म्हणाले, "ताई, नमस्कार. रागावू नका. आमी येणार न्हाई."

"चाय के लिए तो..."

"चहाला पण न्हाई. हम दोनोच घूमने जा रहे है. शादीके बाद पैली बार."

 माणिकचंदशेठनी मोजपट्टी हातातच धरली. माझ्या मांडीवर चार साड्या उलगडलेल्या, आणि मला त्यातली कुठलीही डोक्यावरून घेऊन बसावंसं वाटत होतं. हे तेच गृहस्थ, जे नाशिकच्या त्या भानगडीनंतर वन्संची समजूत काढायला सहा डझन आंबे घेऊन गेले होते.

पडद्यावरच्या बाई खो-खो हसल्या. "ठीक है भैया, घूमो." फोन बंद.

"भरतभाऊ," सुमतीबाई कपाळाला हात लावून म्हणाल्या, "तुम्ही सुटलात हो! ती माझी नणंद आहे. आता दिवाळीपर्यंत मला ऐकवंल, तुझ्या गिऱ्हाइकानं मला चहालाही नाही म्हटलं!"

गाडीवर मागं बसल्याबसल्या मी सुरू केलं, "असं तोंडावर बोलतात का कुणाला? काय वाटलं असेल त्यांना?"

"तुलाच कुनी नको व्हतं ना?" मान न वळवता हे म्हणाले. "फुल्या मारलेलं पुस्तक बघितलंय मी. माझ्या मित्रावर पण मारलीस."

 ऊस भरलेला ट्रॅक्टर पुढं गेला. त्याचा आवाज होता म्हणून धीर झाला. "मला भीती वाटली," मी म्हटलं. "तिथं आपण दोघंच. बोलायचं काय?"

त्यांनी गाडी बाजूला घेतली, ट्रॅक्टर लांब जाऊ दिला. "मंग मी काल बरं-बरं कशापायी करत व्हतो? मलाबी तीच भीती हाय. तू भोपाळ म्हनलीस आन् माझ्या अंगाला घाम फुटला."

"मग नाही म्हणायचं."

"तुला जायचं व्हतं." एवढं बोलून त्यांनी किक मारली.

घरी पोचल्यावर मी तेजूला फोन केला. "भोपाळ," म्हणाले. "नक्की?" तिनं विचारलं. "लवकर काढ तिकीट, माझं मन बदलायच्या आत."

तर आम्ही गेलो. रेल्वेत आम्ही समोरच्या कुटुंबाशी बोललो, ते इटारसीला उतरले तेव्हा दोघांनाही पोरकं झाल्यासारखं वाटलं. हॉटेलातल्या पलंगावर आम्ही पाहुण्यांसारखे कडेला टेकून बसलो. चहा आयता आला तर मी कप धुऊन ठेवले.

सकाळी तळ्यावर गेलो. समुद्रच म्हणायचा. दगडी कठड्यावर बसलो ते अकरा वाजेपर्यंत एक अक्षर नाही. मी मनात म्हटलं, झालं, ह्यालाच भ्यायलो होतो.

मग हे म्हणाले, "हे पानी कुनाच्या शेताला जात असंल गं?"

"प्यायला असेल, शहराला."

"हं." मग पाण्याकडंच बघत, "तुला पवता येतं का?"

"येतं की."

हे वळले. "तुला?"

"माहेरी जुन्नरला, भावाबरोबर विहिरीत शिकले. वरून उडीसुद्धा मारायचे. लग्नाआधी."

"सत्तावीस वर्सांत बोलली न्हाईस कधी?"

"तुम्ही विचारलं नाहीत."

ते माझ्याकडं बघत राहिले. गाय विकत घेताना बघतात तसं नव्हे, बाजारात अचानक ओळखीचं माणूस दिसल्यावर बघतात तसं. शेंगदाणेवाल्याकडून दोन पुड्या घेतल्या, एक मला दिली, आणि कठड्यावर नीट मांडी घालून बसले.

"आनखी काय काय येतं तुला?"

मी पदर कमरेला खोचला. अजून दोन दिवस होते.